कंपनीचा रेडिएटर ‘प्लास्टिकचा डबा’ नाही

निळी_कूपे:
कालच्या चर्चेत एका सदस्याने लिहिले, ‘कंपनीचा रेडिएटर म्हणजे प्लास्टिकचा डबा, स्पोर्ट्स कार घेतली की सर्वांत आधी तो काढा आणि पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर बसवा.’ त्याला बऱ्याच जणांनी दुजोरा दिला. हाच सल्ला मानून मी पैसे घालवले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

मी दुप्पट जाडीचा कोअर (रेडिएटरची हवा जाणारी जाळी) बसवला. रस्त्यावर तापमानात एका अंशाचाही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण रस्त्यावरचे तापमान थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, ठरवतो. तो ८८ अंशांना उघडणारा असेल, तर मोठ्या रेडिएटरकडे तो तेवढेच कमी कूलंट सोडतो. ट्रॅकवर मात्र गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापू लागली. जाड कोअरमधून हवा जायला समोर जास्त दाब लागतो, आणि कडेच्या फटी बुजवणारी मूळ फोमची पट्टी नव्या रेडिएटरला बसत नसल्याने हवेने कोअर सोडून बाजूची सोपी वाट धरली होती. बंपरच्या आत हात घातला, तर चार बोटे सहज जातील एवढी फट लागली. जुना रेडिएटर परत चढवला, फटी बंद केल्या, आणि त्यानंतर एकदाही गाडी तापलेली नाही.

तिसरा_गिअर:
आपला अनुभव फटीचा आहे, रेडिएटरचा नाही. आता माझा ऐका. कंपनीच्या रेडिएटरची टाकी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते आणि कोअरच्या पत्र्याचे दात वळवून रबरी गॅस्केटवर आवळलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते नायलॉन ठिसूळ होते. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचे मालक तर टाकीच्या रंगावरूनच ओळखतात: काळी टाकी तपकिरी पडू लागली की तिचे दिवस भरले. माझ्या गाडीची टाकीही तशीच झालेली मी पाहिली होती आणि ‘अजून एक हंगाम काढेल’ म्हणून सोडून दिली. सातव्या लॅपला वरच्या नळीच्या मुळाशी चीर गेली, काचेवर गोडसर वासाची वाफ आली, आणि गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचा भाग) वाकले होते. डॅशबोर्डवरचा काटा तेव्हाही मध्यावरच होता! मग प्लास्टिकवर विश्वास का ठेवावा?

जुने_बॉनेट:
या काट्याविषयी मी कित्येक वर्षे लिहितो आहे आणि कोणी मनावर घेत नाही. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मंद केलेला असतो. ८० अंश असोत वा १०५, तो मध्यावरच बसून राहतो, म्हणजे मालक घाबरून गाडी वर्कशॉपला आणत नाही. शिवाय कूलंट वाहून गेले की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि त्याचे वाचन खरे राहत नाही. रेडिएटर कोणताही घ्या, आधी अंशांत आकडा दाखवणारा मीटर आणि कूलंटची पातळी घटताच वाजणारा गजर बसवा.

निळी_कूपे:
धागा रेडिएटरचा आहे. काट्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

तिसरा_गिअर:
वेगळा का? ‘एका अंशाचाही फरक पडला नाही’ हे आपण कशावर मोजले? त्याच काट्यावर ना? मग त्या वाक्याला पुरावा म्हणू नका. लोक ते वाचून पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवतात.

निळी_कूपे:
हा आरोप मला लागला आहे. रस्त्यावरचे निरीक्षण काट्यावरचे होते, हे मान्य करावे लागते. परंतु ट्रॅकवरचे आकडे गाडीच्या संगणकाला रीडर जोडून घेतलेले आहेत: जाड कोअर असताना ११२, मूळ रेडिएटर आणि बंद फटी असताना १०१. तो भाग मी मागे घेणार नाही.

जुने_बॉनेट:
एवढे मान्य केलेत, हेही पुष्कळ झाले. रीडर कायमचा लावून ठेवा.

पाना_आणि_पक्कड:
रेडिएटर बसवणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून दोघांनाही सांगतो. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर अमर नसतो. खालचे रबरी बुश न घालता तो सरळ चासीला आवळला, तर ब्रॅकेटजवळचे वेल्डिंग हादऱ्यांनी तडकते; असे तीन याच वर्षी माझ्याकडे आले. नळाचे पाणी भरणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल (कूलंटमधले रसायन) असलेले मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते, पण एक बार दाबाच्या झाकणाखाली १२९च्या आसपास. झाकणाचे रबर चिरलेले असेल तर ही सगळी सवलत जाते, आणि दोष मात्र रेडिएटरला लागतो. शिवाय काही दोष रेडिएटरच्या हातातच नसतात. वर उल्लेख आलेल्या एमएक्स-५च्या हेडमधून कूलंट पुढच्याच बाजूने बाहेर पडते, कारण ते इंजिन मुळात आडव्या बसणाऱ्या इंजिनांच्या घराण्यातले. त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. तिथे कूलंटची वाट मागून काढावी लागते.

इंजिनाची ताकद मूळचीच असेल, तर कंपनीचा नवा रेडिएटर पुरतो. टर्बो बसवला असेल तर पुरणार नाही, कारण जितके इंधन जास्त जळेल तितकी उष्णता कूलंटमध्ये जास्त उतरेल.

तिसरा_गिअर:
‘नवा’ हा शब्द महत्त्वाचा. नवा असेल तर माझा विरोध निम्मा उरतो. पण जुनी टाकी घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्याला मी थांबवणारच. निळी_कूपे, आपण परत चढवलेला रेडिएटर किती वर्षांचा आहे?

निळी_कूपे:
बारा. प्रश्न वाचून आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आलो. वरच्या नळीभोवती दोन बोटे रुंदीचा पट्टा तपकिरी झाला आहे. पुढच्या रविवारची ट्रॅकची नोंदणी रद्द करतो आणि नवा रेडिएटर मागवतो. कंपनीचाच.

तिसरा_गिअर:
मागवा. फोमची पट्टीही नवीन घ्या, जुनी काढताना फाटते.