हेड पॅकिंगला सिलिकॉन लावायचं की कोरंच बसवायचं?

मंडळी, जरा लवकर सांगा. बेलापूरला दिवाळे गावात आमची छोटी होडी आहे, दोन सिलेंडरचं इनबोर्ड डिझेल, थंड करायला थेट खाडीचंच पाणी ओढतं. ऑइल पार दुधाळ झालं, म्हणजे त्यात पाणी शिरलं, म्हणून हेड (सिलेंडरवरचं झाकण) उघडलं तर पाण्याच्या भोकापाशी पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गास्केट) सडलेलं.

नवीन पॅकिंग आणलंय पण आता घरात दोन तट पडलेत. मिस्त्री म्हणतो दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासू, "दादूस, एक थेंब गळला तर नाव बदलीन". काका म्हणतात आम्ही शेलॅक (लाखेचा चिकट लेप) लावायचो तेच लाव. मॅन्युअलमधे कोरडं बसवा एवढंच लिहिलंय, पण लिहिणाऱ्याने आमची खाडी बघितलेली नाही ना! भोकांच्या कडा मिठाने खाल्ल्यात, एका ठिकाणी नख फिरवलं की अडकतं. त्या खड्ड्यात तरी काही भरावं का? आणि टायमिंग कव्हर, पाण्याच्या पंपाचं कागदी पॅकिंग वगैरे, सगळ्याला एकच ट्यूब चालते का? नारळी पौर्णिमेच्या आत होडी पाण्यात हवी आणि इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

वर्कशॉपवाला, तुर्भे
हेडला अजिबात नको. त्या पॅकिंगवर कंपनीचं कोटिंग असतंच, ते सील होतं दाबाने. मधे सिलिकॉन आलं की पॅकिंग सरकतं, आणि जास्तीचं आत पिळून निघतं ते वेगळंच. त्याचे शेवयांसारखे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत बसतात, मग प्रेशर गेलं, बेअरिंगं गेली. खड्ड्याला इलाज फेसिंगच, म्हणजे मशीनवर घासून हेडची बाजू सपाट करणं. सरळपट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, मग हेड तुर्भे एमआयडीसीत नाहीतर वागळे इस्टेटला न्या. पण किती घासायचं ते मॅन्युअल बघून सांगा, डिझेलमधे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधे जागा मुळातच कमी असते.

जुना नाखवा
काकांचंही अगदीच चूक नाही हो, शेलॅक कागदी पॅकिंगला चालतं, फक्त पुढच्या वेळी खरवडताना जीव जातो. मी तिथे ग्रीसचा पातळ हात मारतो. रबरी ओ-रिंगलाही ग्रीसच. टायमिंग कव्हर, ब्लॉक आणि ऑइल चेंबर जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉनचा ठिपका हवाच. एक्झॉस्टला साधं सिलिकॉन नको, जळतं. आणि पावसाचं टेन्शन घेऊ नका, सिलिकॉन हवेतल्या ओलीनेच वाळतं, फक्त लावायची जागा कोरडी आणि तेलाचा अंशही नसलेली पाहिजे. 24 तास इंजिन चालू करू नका.

धागाकर्ता
आभारी आहे दोघांचा. उद्या हेड तुर्भेला नेतो, मिस्त्रीला आज रात्री समजावतो (ते काम जास्त अवघड आहे). एकच राहिलं, हेड आवळायचे दोन स्टड (आटे पाडलेले दांडे) खाली वॉटर जॅकेटमधे, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उघडतात, तेही कोरडेच?

वर्कशॉपवाला, तुर्भे
नाही नाही, तिथे आट्यांना सीलंट लावायचंच, नाहीतर पाणी आट्यांतून वर चढतं. नट मधून बाहेर असे टप्प्याटप्प्याने आवळा, टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना). आणि ते दुधाळ ऑइल फिल्टरसकट काढून टाका, नवीन ऑइलवर थोडा वेळ चालवून तेही बदला.