जुन्या ट्रेंचरचा मीटर नव्हे, साखळी पाहावी

ट्रेंचर म्हणजे साखळीने चर खोदणारे यंत्र. बॅकहो (खोदाईचा बादलीवाला हात) जोडलेल्या जुन्या ट्रेंचरची किंमत केवळ मीटरवरील इंजिन चालल्याच्या तासांवरून ठरवणे मला पुरेसे वाटत नाही. मीटर बदलता येतो, झीज सहसा लपत नाही. साखळीचे दात व स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) तपासावेत, आणि साखळीला ताण देणारा स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेला असेल, तर साखळीचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. बॅकहोची बादली थोडी उचलून इंजिन बंद करावे व बाजूला उभे राहावे. ती आपोआप खाली येत असेल, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहेत. सांध्यांच्या पिन-बुशमधील ढिलाई पाहण्याआधी ताजे ग्रीस पुसून घ्यावे (विकणारे ते सढळ हाताने भरतात).

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-अथणीकडील काळ्या जमिनीत उसाच्या पाइपलाइनसाठी ट्रेंचर चांगला चालतो, मात्र ओली माती साखळीला चिकटते, म्हणून वाफसा आल्यावरच चर काढावा. त्याच जिल्ह्यात खानापूरकडे जांभा दगड लागला की साध्या दातांचा निभाव लागत नाही. तेथे कार्बाइडचे (अतिशय कठीण टोकांचे) दात हवेत. मशीनची नोंदणी कोल्हापूरकडील, म्हणजे दुसऱ्या राज्यातील असल्यास तेथील आरटीओचे फॉर्म २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.