गावातल्या नात्यांचा नकाशा काढून नवं काय हाती लागतं?

कृष्णाकाठ (भिलवडी): पावसाळा लागला की आमच्याकडं एकच चौकशी, "आयर्विनला किती फूट?", म्हणजे सांगलीतल्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती. 45 फूट ही सांगलीतली धोक्याची पातळी, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी 2019 च्या महापुरात कित्येक घरं वेळेत हलली नाहीत. सूचना येते सरपंच, पोलीस पाटील, तलाठी यांच्याकडं. पुढं ती कुठं अडते हे कुणी बघत नाही. माझं म्हणणं, पूरपट्ट्यातल्या गावांत सामाजिक जाळ्यांचा अभ्यास व्हायलाच हवा. कोण कुणाकडून उसनं आणतं, अडीअडचणीला कुणाचा सल्ला घेतं, हे घरोघर लिहून घ्यायचं. बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन यांनी कर्नाटकात हेच केलं. 43 गावांत लघुकर्जाची बातमी आधी शिक्षक, दुकानदार, बचत गटाच्या प्रमुख अशांना दिली गेली. ही माणसं जिथं जाळ्याच्या मध्यावर होती, तिथं जास्त घरांनी कर्ज घेतलं. 2013 ला 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलंय.

मळेवाला: राव, ह्याला अमेरिकेचे प्राध्यापक कशाला? गावात कुणाचं कुणाशी जमतं हे सलूनवाल्याला विचारा, चहा पिता पिता सांगेल.

मिरजेची मास्तरीण: मळेवाले दादा, त्याच मंडळींनी 2019 ला तुमचीच बाजू घेतली. कर्नाटकातल्याच 213 गावांत पाहिलं, तर "बातमी पसरवायची तर कुणाला सांगू?" असं लोकांनाच विचारून निवडलेली माणसं गावच्या प्रतिष्ठितांपेक्षा भारी ठरली. सर्वेक्षणाचा खर्चच वाचला. पण विचारणार कुणाला? पारावर बसलेल्यांना विचारलं तर पारावरचीच नावं येणार. मळ्यातल्या वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी त्या यादीत कशी येईल?

मळेवाला: आणि बांधावरनं कोर्टात गेलेले सख्खे भाऊ? तुमचा फॉर्म विचारणार "कुणाशी बोलता". "कुणाशी बोलणं टाकलंय" हे कोण विचारतंय? निरोप अडतो तो तिथं.

कृष्णाकाठ: हा मुद्दा मान्य, फॉर्ममध्ये तो रकाना घालू. पण म्हणून शास्त्र मोडीत काढू नका. ऊसतोडीचा मुकादमच घ्या. टोळी बीडची, कारखाना इथला, आणि दोघांची गाठ फक्त त्याच्यामार्फत. उचल तो देणार, कमिशन तो खाणार. समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्टनं 1992 ला हेच मांडलं: ज्यांचा आपसात संबंध नाही अशा दोन गटांमधल्या मोकळ्या जागेत जो बसतो, त्याची चलती. मुकादम लबाड की सज्जन हा पुढचा प्रश्न. ती जागाच कमाईची आहे.

शंकासूर (तासगाव): मुकादमाचं पटलं. मला खटकतो तो अशा अभ्यासांतून काढला जाणारा "एकाचं बघून दुसरा करतो" हा निष्कर्ष. 2007 ला क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी अमेरिकेतल्या 12,067 लोकांच्या नोंदींवरून सांगितलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. जगभर गाजलं. पुढच्याच वर्षी कोहेन-कोल आणि फ्लेचर यांनी तशाच पद्धतीनं दाखवून दिलं की डोकेदुखी, मुरमं, एवढंच काय, उंचीसुद्धा मित्राकडून "लागते"! आमच्याकडं शेजारशेजारच्या दोन द्राक्षबागांत एकच औषध फवारलं जातं. एकानं दुसऱ्याचं पाहिलं, का दोघांनाही एकाच कृषी सेवा केंद्रानं तीच बाटली दिली? नकाशात रेघ मात्र बागायतदारांमध्येच ओढली जाणार.

कृष्णाकाठ: म्हणूनच ती 213 गावं महत्त्वाची. तिथं कुठल्या गावात कुणाला आधी सांगायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. नुसत्या नोंदींवर विसंबले नाहीत.

बचतगटवाली: तुमचं शास्त्र खरं असेल हो. पण नकाशा उद्या कुणाच्या हातात जाईल? आमच्या गल्लीत एका कंपनीचं गटकर्ज आहे. एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला बाकीच्या चौघींच्या दारात. कोण कुणाची जाऊ, कुणाचा शब्द कोण मोडणार नाही, त्याला सगळं तोंडपाठ. तुम्ही ते कागदावर छापून देणार, मग निवडणुकीत उमेदवार मागायला येणार.

कृष्णाकाठ: ताई, नावं काढून नुसते क्रमांक ठेवतात.

बचतगटवाली: तीन जावा, एक विधवा नणंद, घरात चक्की, आणि शेजाऱ्याशी बोलणं बंद. क्रमांक 112 म्हणा नाहीतर काही म्हणा, आमच्या गावात असं घर एकच आहे.