मदत हवी आहे: मंगळवारी वर्ग घेऊ की नको?

मीनल_के
लवकर सांगा कुणीतरी. काल वर्गाला निम्म्याच बायका आल्या. ज्या आल्या त्यांनी वह्यासुद्धा उघडल्या नाहीत. एकीच्या फोनवर सारखे फोटो येत होते आणि ती प्रत्येक फोटो मोठा करून चेहरे शोधत होती. मंगळवारी परत वर्ग आहे. शिकवू का? घरी भेटायला गेलेलं चालतं का? हातात काय न्यावं?

श्रीपाद७१
कसला वर्ग? कुठे? झालंय काय?

मीनल_के
सिडनी, फेअरफील्ड. नव्याने आलेल्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवतो, स्वयंसेवक आहोत. सगळ्या ॲसिरियन, म्हणजे इराक-सीरियाकडच्या ख्रिश्चन. लग्नातली आग हो, बातम्यांत आहे.

गावकूस
सीरियात लग्नात आग लागली?

श्रीपाद७१
सीरिया नाही, इराक. २६ सप्टेंबर २०२३ च्या रात्री, मोसुलजवळच्या कराकोश गावात. हॉलमध्ये भुईनळ्यांसारखे फटाके लावले आणि छत पेटलं. शंभरावर माणसं गेली. मीनल, या बायका त्याच गावच्या का? तिथले बहुतेक सिरियाक कॅथलिक. खाल्डियन हा तिथलाच वेगळा ख्रिश्चन पंथ. सगळ्यांना सरसकट ॲसिरियन म्हटलं तर काहींना लागतं.

गावकूस
मूळ एकच ना पण? केरळच्या चर्चमध्येही सिरियाक भाषेतल्या प्रार्थना असतात, कोट्टायमला ऐकल्यात मी.

अभय_फायर
छताला स्वस्तातली, चटकन पेटणारी पॅनेल होती. २०१७ ला मुंबईत कमला मिलमधल्या आगीत १४ जीव गेले, तरी आपले हॉलवाले सुधारले नाहीत. प्रत्येकाने लग्नाचा हॉल ठरवताना बाहेर पडायची दारं किती आणि ती उघडी असतात का, हे आधी बघा.

मीनल_के
अभय, पटतंय, पण मला मंगळवारचं सांगा. हो, दोघी कराकोशच्याच. एकीची नणंद त्या लग्नात होती. पुढचं मला विचारवलं नाही.

डॉ_रश्मी
दोघींनाही लगेच समुपदेशनाला पाठवा. स्टार्ट्स नावाची संस्था निर्वासितांसाठीच आहे, फेअरफील्डजवळच काम करते.

सुनंदा_मेलबर्न
रश्मी, नंबर जरूर द्यावा, पण पहिल्याच आठवड्यात समुपदेशनाला पाठवायला नको. आत्ता त्यांना आपली माणसं आणि चर्च हवंय. मी इथे क्रेगीबर्नला याच लोकांत काम करते. मीनल, वर्ग उघडा ठेव, धडा नको. चहा ठेव आणि ज्यांना नुसतं बसायचंय त्यांना बसू दे. ६ ऑगस्ट २०१४ ला आयसिसच्या भीतीने अख्खं कराकोश एका रात्रीत रिकामं झालं होतं. २०१६ ला गाव आयसिसच्या ताब्यातून सुटल्यावर काही कुटुंबं परतली, घरं पुन्हा उभी केली. आता त्याच कुटुंबांवर हे. इथल्या बायकांना वाटतं, आपण सुटलो आणि ते राहिले. ते त्या बोलल्या तर ऐक, ‘तुम्ही तरी सुखरूप आहात’ असं चुकूनही म्हणू नकोस.

डॉ_रश्मी
झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल तर मात्र थांबू नका.

सुनंदा_मेलबर्न
ते मान्य. भेटायला जायचं तर आधी विचारून जा. गडद कपडे. मिठाई नको, फळं किंवा शिजवलेलं जेवण चालेल. बिनसाखरेची कडू कॉफी पुढे करतील, ती घे. तिसऱ्या, सातव्या आणि चाळीसाव्या दिवशी प्रार्थना असते, बोलावलं तर मागे बस. आणि मुलांना दुभाषी करू नकोस, आईचं दुःख त्यांच्या तोंडून वदवायचं नाही.

परदेशी_पाहुणा
फेअरफील्डला दोन खोल्यांचं भाडं काय चाललंय?

श्रीपाद७१
पाहुणे, वेगळा धागा काढा.

मीनल_के
सुनंदाताई, मुलांचं लक्षात ठेवते, सातवीतला मुलगाच सगळं सांगत होता. चाळिसावा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येईल, त्या आठवड्यात आमची तोंडी परीक्षा आहे. ती पुढे ढकलावी का?

सुनंदा_मेलबर्न
दोघींना विचार. काहींना परीक्षा द्यायचीच असते. पण कराकोशच्या बाकीच्या कुणी आहेत का, ते मंगळवारी हळूच बघ.