तुळजापूर घाटातला हिवर फोटोत मरगळलेला दिसतोय, लेन्स बदलू का?

धोटा (सोलापूर)
नमस्कार मंडळी. चादरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं जकार्डची (मागावर नक्षी विणतात ती) डिझाइनं काढली, आता रिटायर आहे. पोरानं त्याचा जुना कॅमेरा दिलाय, २४ मेगापिक्सेलचा, सोबत १८-५५ ची किट लेन्स, कॅमेऱ्याबरोबर येते ती.

तुळजापूर घाट चढून गेलं की रस्त्यापासून थोडं आत, माळाच्या टोकाला एक म्हातारा हिवर (बाभळीसारखं झाड) आहे. पश्चिमेचा वारा खाऊन खाऊन अख्खा पूर्वेला कललाय. वाऱ्याच्या बाजूला फांद्या नाहीतच, नुसते वाळके खुंट. ज्या बाजूला आहेत, त्या शेळ्यांसाठी आकडीनं ओरबाडलेल्या. आणि बुंध्याला पीळ असा, की ओला टॉवेल पिळून तसाच उभा केलाय.

गेल्या रविवारी गेलो होतो. आधी देवीचं दर्शन (बायकोची अट), मग झाड. साडेअकरा वाजले असतील. कॅमेऱ्याची सेटिंग एफ ८, आयएसओ १००. तिथं उभं राहिलं की छाती दडपते, आणि घरी येऊन बघतो तर बांधावरचं झुडूप! मग कॉम्प्युटरवर क्लॅरिटी नि शार्पनिंग (उठाव आणि धार वाढवायचे स्लायडर) ओढत गेलो, तर फांद्यांभोवती पांढरी कड आली. नातू म्हणाला, "आजोबा, झाड कापून चिकटवलंय का?" ब्लॅक अँड व्हाइट केलं तर खोड आणि आभाळ एकाच रंगाचं. पोरगा म्हणतो चांगली लेन्स घ्या. घेऊ का?

रानवाटा (बार्शी)
काका, पाकीट खिशातच राहू द्या. मे महिना आणि साडेअकराची वेळ! आपल्याकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली जाते. उजेड वरून सरळ खाली येतो, सालीच्या भेगाही उभ्याच, मग भेगेत सावली पडणार कशी? पीळ दिसायला उजेड आडवा हवा. सहाला तिथं पोचा.

दुसरं, फोटो पूर्वेकडून काढलाय ना? म्हणजे झाड तुमच्याच अंगावर कललंय, तो कल फोटोत कुठून दिसणार? उत्तरेला जा. गुडघे साथ देत असतील तर जमिनीला टेका. मागचं माळरान खाली जाईल आणि झाड एकटं आभाळात राहील. मेचं आभाळ मात्र पांढरंफटकच मिळणार. खरी मजा सप्टेंबरात. आपला मोठा पाऊस तेव्हाच, मागं ढग असतात. मीही येईन तेव्हा.

काळापांढरा (पुणे, मूळचा अक्कलकोटचा)
सप्टेंबरपर्यंत कशाला थांबायचं? पहाटे थोडा तरी निळेपणा असतो. फक्त जेपेगऐवजी (ती नेहमीची दाबून लहान केलेली फाइल) रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ छटा, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पुढं ओढाताण करायची तर ती शिल्लक लागते.

ब्लॅक अँड व्हाइट करताना नुसता रंग काढून टाकू नका. निळ्याचा स्लायडर खाली घ्या, आभाळ काळवंडतं. पिवळ्याचा थोडा वर, हिवराची साल उजळते. निळा फार खाली नेलात तर आभाळात दाणे येतात, कडा फाटतात, तेव्हा बेतानं. ती पांढरी कड शार्पनिंगची रेडियस (कडेभोवती परिणाम किती रुंद पसरतो ते) जास्त झाल्यानं येते. ०.८ च्या आसपास ठेवून बघा, आणि मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग झाकून, आभाळ वगळा. क्लॅरिटी सगळ्या फोटोला नकोच. ब्रश घेऊन पिळाचे उंचवटे किंचित उजळ करा, खाचा किंचित गडद. अमेरिकन फोटोग्राफर अँसल अ‍ॅडम्स डार्करूममध्ये हेच तासन्‌तास करायचा. तिकडच्या योसेमिटी उद्यानात सेंटिनेल डोम नावाच्या खडकाच्या माथ्यावर असाच वाऱ्यानं वाकलेला जेफ्री पाइन (पाइनची एक जात) होता, त्याचाही फोटो त्यानं काढलाय. ते झाड १९७६-७७ च्या दुष्काळात वाळलं आणि २००३ मध्ये पडलं. तुमचा हिवर जिवंत आहे, फेऱ्या मारा.

माळकरी_नाही_माळावरचा
फोटोतलं मला कळत नाही. पण शेळ्यांना बोल लावू नका काका. उन्हाळ्यात माळावर दुसरं हिरवं असतंय कुठं? आणि ते तोडलेले खुंट कॉम्प्युटरवर पुसू नका.

धोटा (सोलापूर)
नाही पुसले. मुद्दाम ठेवलेत.

काल साडेचारला निघालो. स्टँड हलकं, वाऱ्यानं थरथरत होतं, म्हणून पिशवीत दगड भरून खाली लटकवले. उन्हाची पहिली तिरीप बुंध्यावर आली आणि पीळ एकेक पदर करून उघडला. दहा-बारा मिनिटंच, मग परत सपाट. उत्तरेकडून कल असा दिसला की मलाच तोल सावरावासा वाटला.

निळ्याचा स्लायडर खाली ओढला तेव्हा स्वतःचाच राग आला. बत्तीस वर्षं ग्राफवर चौकोन भरताना पोरांना ओरडत होतो, फूल आणि जमीन एकाच छटेत घेतली की फूल मेलं. आणि इथं पांढऱ्या आभाळावर पांढरी साल ठेवून लेन्सला दोष देत बसलो!

ब्रशनं खाचा गडद करताना पहिल्यांदा हात जड पडला, झाड कोळशाचं झालं. सगळं पुसून परत केलं, निम्म्या जोरावर. पांढरी कड गेली. डावीकडच्या एका खुंटावर अजून थोडी आहे, ती मलाच दिसते.

१२ बाय १८ इंचाची प्रिंट टाकलीय. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, माझ्याकडं ६००० बाय ४००० आहेत, म्हणजे कडेनं थोडं कापूनही भागलं. लेन्सचे पैसे वाचले हे पोराला अजून सांगितलेलं नाही.

रानवाटा, सप्टेंबरात या. पण साडेचारला निघायचं, आणि परतताना देवीचं दर्शन आहेच.