मदत हवी आहे: युद्धातून जीव वाचवून आलेली व्यक्ती कायद्याने ‘निर्वासित’ ठरते का?

नमस्कार. आंतरराष्ट्रीय निर्वासित कायद्यावर विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देण्याची तयारी करताना मी एका प्रश्नापाशी अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

१९५१च्या निर्वासितविषयक करारातील व्याख्येत ‘युद्ध’ हा शब्दच नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून छळ होण्याची साधार भीती असल्यामुळे जी व्यक्ती स्वदेशाबाहेर आहे आणि स्वदेशाचे संरक्षण घेऊ शकत नाही किंवा त्या भीतीपोटी घेऊ इच्छित नाही, तिला हा करार निर्वासित मानतो. १९६७च्या प्रोटोकॉलने, म्हणजे या कराराला जोडून झालेल्या दुसऱ्या कराराने, १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटनांची अट काढली, परंतु पाच कारणे तशीच राहिली. मग ज्या कुटुंबाचे घर तोफगोळ्याने कोसळले, पण ज्याच्यावर कोणी नेम धरलेला नव्हता, ते या व्याख्येत कुठे बसते? छळ सिद्ध होण्यासाठी व्यक्तीला वेगळे काढून लक्ष्य केलेले असावे लागते, असा माझा आजवरचा समज आहे. हे सांगताच एका विद्यार्थिनीने विचारले, “म्हणजे त्यांनी लक्ष्य होईपर्यंत तिथेच थांबायचे का?” मला उत्तर देता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले आहे.

आफ्रिकी एकता संघटनेच्या १९६९च्या कराराने परकीय आक्रमण आणि सार्वजनिक सुव्यवस्था गंभीरपणे बिघडवणाऱ्या घटना व्याख्येत घेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतील १९८४च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने सार्वत्रिक हिंसाचार व अंतर्गत संघर्षही त्यात आणले, हे मी वाचले आहे. माझा प्रश्न या प्रदेशांबाहेर पोहोचणाऱ्यांचा आहे. त्यांना १९५१च्या कराराचा काहीच आधार नाही का? आणि दावा नाकारला गेला, तर त्यांना पुन्हा रणभूमीवर पाठवता येते का?

प्रतिसाद:
आपल्या समजात एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवतो. कराराच्या व्याख्येत युद्धाचा उल्लेख नसला, तरी युद्धातून आलेल्यांना वगळणारे कलमही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने २०१६ साली सशस्त्र संघर्षासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत व्यक्तीला एकटीला लक्ष्य केलेले असण्याची गरज नाही आणि संपूर्ण समुदायालाही छळाची साधार भीती असू शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. एखाद्या वस्तीवर बॉम्बवर्षाव होतो, तेव्हा तिथे कोणत्या पंथाचे लोक राहतात, ती वस्ती कोणत्या पक्षाची मानली जाते, हे पाहावे लागते. आजच्या बहुतेक युद्धांत वरवर सरसकट दिसणाऱ्या हिंसेमागे असे कारण सापडते, असे माझे मत आहे. म्हणून त्या कुटुंबाला “घर का पडले?” एवढे विचारून भागत नाही, “तुमच्याच भागावर मारा का झाला?” हेही विचारायला हवे.

असे कारण खरोखरच नसेल, तर युरोपीय संघात पूरक संरक्षण, म्हणजे निर्वासित न ठरलेल्या पण परतल्यास गंभीर हानीचा धोका असलेल्या व्यक्तीला दिले जाणारे संरक्षण, मिळू शकते. संघाच्या न्यायालयाने २००९च्या एल्गाफाजी निकालात म्हटले, की सरसकट हिंसेची तीव्रता जितकी जास्त, तितका वैयक्तिक धोक्याचा पुरावा कमी लागतो. तात्पुरत्या संरक्षणाची वाट वेगळी आहे. मोठ्या संख्येने एकदम येणाऱ्यांसाठीच्या या संरक्षणाविषयीचा युरोपीय संघाचा निर्देश २००१चा असून तो प्रथम २०२२मध्ये युक्रेनमधून आलेल्यांसाठी लागू झाला.

परत पाठवण्याबाबत, कराराचे कलम ३३ निर्वासिताचे जीवित किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा ठिकाणी त्याला धाडण्यास मनाई करते. मात्र राष्ट्रसुरक्षेच्या कारणावरून त्याला मर्यादित अपवाद आहे. यातनांविरुद्धच्या १९८४च्या कराराचे कलम ३ निर्वासित ठरण्या-न ठरण्यावर अवलंबून नाही आणि त्याला अपवादही नाही. त्यामुळे दावा नाकारला गेला, तरी यातनांचा खरा धोका असेल तिथे पाठवता येत नाही.

मूळ लेखिका:
मनःपूर्वक आभार. माझी चूक ‘छळ’ हा शब्द एकट्या व्यक्तीपुरता धरण्यात होती. शेवटची एक शंका: शस्त्र खाली ठेवून पळालेल्या सैनिकालाही हेच लागू होते का?

प्रतिसाद:
त्याने लढणे खरोखर आणि कायमचे सोडले आहे, हे आधी ठरवावे लागते. त्यानंतर त्याचा दावा इतरांसारखाच तपासला जातो. मात्र त्याने युद्धगुन्हा किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा केल्याचे मानण्यास गंभीर कारणे असतील, तर १९५१च्या कराराच्या कलम १ एफनुसार तो त्या कराराच्या संरक्षणातून वगळला जातो.