एमडी बंद होऊन सहा आठवडे झाले, डोकं ताळ्यावर कधी येतं?

सुरूचं बन
हर्णै बंदराजवळच्या व्यसनमुक्ती गटासाठी विचारतोय. मुलगा 26 वर्षांचा, ट्रॉलरवर खलाशी. दीड वर्ष नाकाने एमडी घेत होता, आता सहा आठवडे बंद आहे. घरी तीन कामं एका दमात सांगितली तर पहिलं होतं, बाकीची दोन वाऱ्यावर. सकाळी घेतलेली शपथ जुने सोबती दिसले की संध्याकाळपर्यंत विरते. घरचे म्हणतात, सोंग आहे. मेंदू कायमचा बिघडला का? हे तपासायचं कसं? आणि 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली की त्याला बोटीवर पाठवावं का?

खाडीकाठ
आधी एक: एमडी म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक अमली द्रव्य, हे गटात स्पष्ट सांगा. म्हाताऱ्यांना अजून डॉक्टरची पदवी वाटते.

मेंदूत डोपामिन (ओढ आणि आनंदाशी जोडलेलं रसायन) सोडलं गेलं की ते परत पेशीत ओढून घेणारा पंप असतो. कोकेन तो पंप बुजवतं. मेथ (मेथॅम्फेटामिन, दुसरं एक उत्तेजक) आणि मेफेड्रोन तो उलटा फिरवतात, म्हणजे साठा बाहेर उपसला जातो. मेफेड्रोनचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून रात्रभर पुन्हा पुन्हा घेतलं जातं आणि झोप जाते. दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. त्यामुळे नुकसान दुहेरी.

तीन कामांपैकी दोन विसरणं हे कामचलाऊ स्मृतीचं दुखणं. कपाळामागचा जो भाग गोष्टी क्षणभर धरून ठेवतो, तोच ‘थांब’ही म्हणतो. म्हणून विसरणं आणि शपथ मोडणं बहुतेक जोडीने दिसतं. आज 500 की महिन्याने 1000, असं विचारलं तर अशी माणसं इतरांपेक्षा जास्त वेळा आजचे 500 उचलतात. उद्याची किंमत डोक्यात लवकर घसरते, एवढंच. त्याला खोटारडेपणा म्हणू नये.

कायमचं का? मेथ घेणाऱ्यांचे मेंदू-स्कॅन 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. 12 ते 17 महिने दूर राहिलेल्यांत मेंदूच्या खोलवरच्या भागातले हे पंप 16 ते 19 टक्क्यांनी वाढलेले दिसले, पण स्मृती आणि हालचालींच्या चाचण्या तेवढ्या सुधारल्या नाहीत. म्हणजे सहा आठवड्यांत निकाल मागणं घाईचं आहे.

करवंद
खाडीकाठ, हे आकडे मेथचे, आणि तेही बरीच वर्षं जबर घेणाऱ्यांचे. मेफेड्रोनवर थेट चिकटवू नका. शिवाय ते लोक व्यसनाआधी कसे होते, हे स्कॅन सांगत नाही. मेंदूशास्त्रज्ञ कार्ल हार्ट आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मेथवरचे अभ्यास तपासून हेच दाखवलं: सरासरीत फरक निघतो, पण बहुतेकांचे गुण वय आणि शिक्षण धरता सामान्य पट्ट्यातच असतात. ‘मेंदू सडलाय’ असं ऐकलेला मुलगा प्रयत्नच सोडतो. त्याआधी झोप, उदासी, दारू, डोक्याला लागलेला मार आणि लहानपणापासूनची चंचलता बघा. यातलं एक जरी असलं तरी सगळं खापर एमडीवर फोडता येणार नाही.

खाडीकाठ
मान्य. वाक्य आखडून घेतो: खूण आहे, निकाल नाही.

तांडेलाची वही
मोजायचं कसं ते सांगते. बंद करून किमान दोन आठवडे झाल्यावर आणि झोप सुरळीत असतानाच मोजा. उतरणीच्या दिवसांत घेतलेली चाचणी फक्त थकवा मोजते.

आकडे सेकंदाला एक या गतीने म्हणा आणि ते उलटे म्हणवून घ्या: 7-2-9, मग 4-1-8-6, मग पाच. चार-पाच जमले तर ठीक. मग 15 साधे शब्द (होडी, नारळ, घंटा...) पाच वेळा वाचून दाखवा, दर वेळी आठवतील तेवढे म्हणवून घ्या, 20 मिनिटांनी पुन्हा विचारा. खरी गंमत यापुढे आहे. आठवले नाहीत ते शब्द इतर शब्दांत मिसळून दाखवले आणि त्याने ओळखले, तर माहिती आत गेलेली आहे, बाहेर काढणं अडतंय. अशांना इशारा दिला की काम होतं: खिशातली यादी, मोबाइलचा गजर. ओळखतासुद्धा येत नसतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी. महिन्याने पुन्हा मोजाल तेव्हा शब्द बदला, नाहीतर सुधारणा नसून पाठांतर निघेल.

बोटीचं. सरसकट नको म्हणू नका, रिकामा बसला तर जास्त अवघड. पण पहिले दोन-तीन महिने विंच (जाळं ओढायचं यंत्र), ताणलेली वायर आणि रात्रीचा पहारा नको; तिथे अर्ध्या सेकंदाची चूक बोटं नेते. मासळी निवडणं, बर्फ भरणं, जाळं विणणं चालेल. तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) एका वेळी एकच काम सांगायचं आणि ते त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं.

पैसा हा सगळ्यात मोठा इशारा. हिशेब रोखीने हातात नको, आईच्या खात्यात. ‘ठाम राहीन’ या शपथेपेक्षा नेमकी जर-तर वाक्यं टिकतात: ‘हिशेब झाला की टपरीकडे न वळता थेट एसटी स्टँड.’

सुरूचं बन
ताई, लघवीची तपासणी करायची का? आणि औषध?

तांडेलाची वही
करा, पण साध्या पट्टीच्या किटवर मेफेड्रोन बरेचदा दिसत नाही, निगेटिव्हवर विसंबू नका. लॅबला मेफेड्रोन असं नाव घेऊन विचारा.

उत्तेजकांच्या व्यसनावर ठरलेलं मान्य औषध नाही. सर्वांत चांगले पुरावे बक्षीस-पद्धतीचे आहेत: 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा तपासणी, स्वच्छ आली की तिथल्या तिथे बक्षीस. समजा 100 रुपयांचा रिचार्ज, पुढे दर वेळी 20 ने वाढवत. चुकली की पुन्हा 100 वर. महिनाअखेरीस एकरकमी दिलंत तर फुकट जाईल. वर 500 आणि 1000 चं गणित आलंय, कारण तेच.

करवंद
दोन गोष्टी राहिल्या. पुन्हा घेऊन सोडलं तर पहिले काही दिवस खूप झोप, खूप भूक आणि घोर निराशा येते. जिवाचं काही बोलला तर एकटं ठेवू नका, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस 14416. छातीत दुखलं तर थेट दवाखाना, आणि काय घेतलं ते डॉक्टरपासून लपवू नका. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मुंबई गाठायची गरज नाही. पोलिसांची भीती असेल तर अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ वकिलाला विचारा: थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण आहे, पण उपचार पूर्ण करावे लागतात.